३३७ टन जळले. भोपाळची जमीन साफ झाली का?

भोपाळची सून
३० जून २०२५ ला इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळून संपला. माहेरून लगेच फोन, "सुटलात बाई एकदाच्या!" कसल्या सुटलोय?

जळाला तो पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवलेला कचरा. खालची माती आहे तिथेच आहे. नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला होता, सुमारे ११ लाख टन. म्हणजे दर तीन हजार टनांमागे एक टनही गेलेला नाही. कारखाना चालू होता तेव्हा आवारातच खड्डे करून कचरा पुरत. १९७७ पासून सांडपाणी उत्तरेकडच्या तळ्यांत सोडू लागले, आणि ती तळी गळायला लागली ती डिसेंबर १९८४ च्या आधीच. गॅस एका रात्रीत आला, हे विष घोटाघोटाने आलं. सासूबाई सांगतात, हातपंपाचं पाणी हंड्यात ठेवलं की वर तवंग धरायचा. पुढे त्या पंपांना लाल रंग फासला, पिऊ नका म्हणून. नळाचं पाणी मिळायला २००४ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश लागला.

माझं म्हणणं एवढंच: आधी विष कुठवर पोचलंय त्याचा नीट नकाशा काढा. मातीवर इलाज करा तो जागेवरच, दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालू नका. तोवर जमीन साफ झाली असं कुणी म्हणू नये.

मातीवाला
ताई, कळकळ पोचली, पण जागेवर इलाज म्हणजे खणणं आलंच. ११ लाख टन म्हणजे वीस टनी ट्रकच्या पंचावन्न हजार फेऱ्या, नुसती आवारातल्या आवारात हलवायची म्हटली तरी. भिंतीला लागून वस्ती आहे. खणताना उडणारी धूळ कुणाच्या घरात जाणार? मी पाया आणि भराव यांच्या कामात वीस वर्षं आहे. माझ्या मते झाकणं हाच शहाणपणा. चिकणमातीचा जाड थर, त्यावर प्लास्टिकचं अस्तर, वर हिरवळ, कडेने जमिनीत भिंत. दुर्घटनेचं स्मारकही तिथेच होऊ दे.

भोपाळची सून
दादा, झाकण वरचा पाऊस अडवेल. पण तिथे क्लोरीन असलेली द्रावकं सापडली आहेत. ती पाण्याहून जड, खाली खाली बुडत जातात आणि तिथून भूजलात विरघळत राहतात. खालून वाहणाऱ्या पाण्याला तुमचं झाकण काय करणार?

मातीवाला
भिंत खडकापर्यंत न्यावी लागेल, आणि आतलं पाणी उपसून शुद्ध करत राहावं लागेल. कित्येक वर्षं. हे मी आधीच लिहायला हवं होतं. पण खडकालाच भेगा असल्या तर भिंतीचाही भरवसा नाही, म्हणून नकाशा आधी हे मान्य. सरसकट खणायला मात्र माझा विरोध कायम. जिथे विष दाट आहे तेवढंच उचला, बाकी झाका.

इंदूरकर
"दुसऱ्याच्या गळ्यात" हे आम्ही भोगलंय. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले, अडीचशे किलोमीटर रस्ता मोकळा करून. ३ तारखेला पीथमपूर बंद होतं, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. आम्हाला धास्ती यशवंतसागर धरणाची, इंदूरला तिथून पाणी येतं. आणि जाळून संपलं म्हणता, पण राख उरलीच ना? ती भोपाळला नाही, आमच्याकडे आहे.

बुटीबोरी
ही पाळी आधी आमच्यावर येत होती. नागपूरजवळ बोरखेडीला डीआरडीओच्या भट्टीत हाच कचरा जाळायचं ठरत होतं. विरोध झाला, महाराष्ट्राने नकार दिला. त्याआधी अंकलेश्वरसाठी गुजरातने नाही म्हटलं. मी त्या विरोधात होतो आणि आजही पस्तावत नाही. पण पीथमपूरच्या लोकांचं ऐकलं नाही, तेव्हा वाईट वाटलं. आपण सुटलो म्हणून ते अडकले.

कोडाईची आठवण
सगळे जागेवर, जागेवर म्हणताय. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पाऱ्याचा २९० टन कचरा २००३ मध्ये अमेरिकेत परत गेलाच ना? मग कार्बाइडचं त्यांच्या दारात का नको? आधी कार्बाइड विकत घेतलेल्या डाउ कंपनीकडून पैसे वसूल करा, तोवर सरकारने आपल्या करातला एक रुपया घालू नये. एकदा आपण खर्च केला की ते कायमचे मोकळे.

भोपाळची सून
त्यांनी द्यायला हवेत, यात दुमत नाही. पण १९८९ ची कार्बाइडशी झालेली ४७ कोटी डॉलरची तडजोड आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलेली वाढीव भरपाईची याचिका, एवढा काळ आम्ही वाटच बघतोय. २०१२ मध्ये जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. दावा चालू ठेवा, पण जमिनीखालचं पाणी कोर्टाच्या तारखेला थांबत नाही. कोडाईतूनसुद्धा गेला तो काचेचा कचरा. मातीचं काय करायचं यावर तिथे पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

मातीवाला
ताई, एक विचारतो. नकाशासाठी भोकं पाडायची तर सुरुवात कुठून?

भोपाळची सून
माणसांपासून. कारखान्यातले जुने कामगार अजून आहेत. आमच्या गल्लीतलेच एक काका कोपऱ्यातल्या बाभळीकडे बोट दाखवून सांगतात, इथे आम्ही पिंपं पुरली होती. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.