मदत हवी आहे: शिक्षण परिषदेतलं भाषण कमी कसं करावं?

केंद्रस्तरीय शिक्षण परिषद (आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची दरमहा बैठक), 28 शिक्षक, हातात 3 तास. विषय हातच्याची वजाबाकी. माल्कम नोल्सच्या प्रौढशिक्षणाच्या मांडणीनुसार मोठी माणसं स्वतःच्या अनुभवातून आणि समोरच्या अडचणीतून शिकतात, म्हणून पीपीटी बाद. आराखडा असा: प्रत्येकाने मुलांच्या 5 वह्या आणायच्या. पहिली 40 मिनिटं चौघांच्या गटात फक्त चुका वेगळ्या काढायच्या. उदा. 52 - 27 = 35, म्हणजे मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा करतंय. मग दशकाचे गठ्ठे सुटे करण्याची कृती, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या वर्गासाठी 20 मिनिटांचा एक पाठ लिहायचा.

अडतं ते दोन ठिकाणी. सातही गटांनी सादरीकरण केलं की पाऊण तास जातो आणि पाठ लिहायचा राहतो. शिवाय सहावी ते आठवीच्या शिक्षकांना हा विषय आपला वाटत नाही. त्यांना दशांश अपूर्णांकांची वजाबाकी द्यावी की वेगळा गट करावा?

खरा प्रश्न पुढचा. दोन परिषदांमधल्या महिन्यात पाठ वर्गात घेतला गेला का, हे तपासणीचा वास न येता कसं पाहता? व्हॉट्सॲपवर फोटो मागवू नका म्हणणार असाल, तर पर्यायही सांगा.