झाडतोडीची नोटीस, सात दिवसांची मुदत: व्हॉट्सअॅपवरून हरकती कशा जमवायच्या?

रानजाई: रस्तारुंदीसाठी ६० झाडं तोडायची नोटीस लागली आहे. ग्रुपमध्ये ४०० जण. अंगठे भरपूर, लेखी हरकती मात्र ११. मेसेजमध्ये काय चुकतंय?

पारावरचा: 'आज शेवटचा दिवस', 'उद्या जमूया' असं लिहू नका. मेसेज चार दिवसांनीही फिरत राहतो आणि लोक भलत्याच दिवशी येतात. वार, तारीख, वेळ लिहा. नोटीस डॉक्युमेंट म्हणून टाका. साध्या फोटोत बारीक अक्षरं फुटतात. हरकतीचा मसुदा चित्रात नको, कॉपी होईल असा हवा. आणि एका मेसेजात एकच काम. याचिकेची लिंक, हॅशटॅग, मोर्चा सगळं कोंबलं की लोक त्यातलं सोपं तेवढं उरकतात, म्हणजे अंगठा.

खटपट्या: फॉरवर्डच्या भरवशावर राहू नका. एका वेळी पाचच चॅटना जातो. पाच हात फिरलेल्या मेसेजला दुहेरी बाण लागतो आणि मग एकेकालाच पाठवता येतो. म्हणून प्रत्येक सोसायटीत एक जण नेमा, त्याने तो स्वतःचा म्हणून नव्याने टाकायचा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो. इथेच बरेच फसतात.

टिपणवही: १९७५ च्या झाडांच्या कायद्यात हरकतीला सातच दिवस. शंभर हरकती शब्दशः सारख्या असतील तर 'एकच हरकत' म्हणून एका ओळीत निकाली निघतात. मसुद्यात दोन ओळी रिकाम्या सोडा: कुठलं झाड, नंबर काय, तोडल्याने नेमकं काय बिघडणार. नाव-पत्ता-सही हवीच. ईमेल करा, पण कागदही द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ग्रुपवर त्या पोचेचा फोटो टाकायला सांगा, पत्ता झाकून. एकाची पोच दिसली की दुसरा हलतो.

रानजाई: आणि फेसबुक लाइव्ह?

पारावरचा: ते माणसं जमवायला. मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. व्हिडिओ फिरले, लोक काही तासांत पोचले, कारण चळवळ २०१४ पासूनची, ओळखी तयार होत्या. तरी ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. न्यायालयाने दखल घेतली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची.

टिपणवही: सातव्या दिवसाची वाट बघू नका. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत गठ्ठा आवक करा; सातवा सुट्टीचा निघाला तर खिडकी बंद.