सर्जासाठी घागर भरायची का?

सेक्रेटरी (बी-४०१), सकाळी ७:१०
सोसायटीच्या सर्व सभासदांना कळवायला फार वाईट वाटतंय. ए-४०३ मधल्या दादा-वहिनींचा ग्रेट डेन कुत्रा, आपला सर्जा, काल रात्री गेला. पहाटेच नानांच्या भादली शिवारातल्या शेतात त्याला माती दिली. दादा-वहिनी रात्रभर जागे आहेत, सकाळी कोणी फोन करू नका. संध्याकाळी भेटायला जा.

डी-२०२
अरे देवा. कालच तर दारात बसलेला दिसला होता.

अक्का (ए-१०१)
काय सांगू माय. मी खाले बाकडावर बठनू का तो मना पायवर डोकं ठेईसन पडी ऱ्हाये. इतला मोठा जनावर, पण लेकरूसारखा. त्यानं सोनं व्हयनं.

नाना (बी-१०२)
बांधावरच्या निंबाखाली ठेवलं त्याला. खड्डा माझ्या छातीएवढा खणला, मीठ टाकलं, वर दगड रचले म्हणजे कोल्हं उकरणार नाही. डॉक्टरकाकांनी सांगितल्याप्रमाणे विहिरीपासून लांबची जागा घेतली. वहिनी, तुम्हाला वाटेल तेव्हा या. शेताला कुलूप नसतं.

सी-३०४
काल रात्री लिफ्ट बंद पडली होती, तेव्हा सतरंजीत घालून चौथ्या मजल्यावरून त्याला खाली आणला ती पोरं कोण होती? त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

सेक्रेटरी (बी-४०१)
आपलीच. बी-३०२ चा मुलगा, डी विंगमधली दोघं भाऊ, वॉचमन मामा आणि दादा. सतरंजीचं एकेक टोक धरून प्रत्येक वळणावर थांबत उतरवलं. त्याचा श्वास चालू होता तेव्हा. गाडीत ठेवला आणि पाच-सात मिनिटांत गेला.

ए-३०१ (आईच्या फोनवरून)
मी ए-३०१ मधली. काका, सर्जा फक्त नऊ वर्षांचा होता ना? आमच्या गल्लीतली पिवळी कुत्री आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे तेरा वर्षांची आहे. मग तो एवढा मोठा असून आधी का गेला?

डॉक्टरकाका (सी-२०४)
बेटा, मोठा आहे म्हणूनच. जन्मभर पशुधन विकास अधिकारी म्हणून जास्त करून बैल-म्हशीच तपासल्या, पण हे सर्जामुळे वाचून काढलं. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धा-पाऊण किलोचं असतं. दीड वर्षात ते पन्नास-साठ किलोचं होतं. इतक्या वेगानं वाढलेलं शरीर लवकर थकतं. या जातीचं आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षं. आपली गावठी कुत्री जपली तर बारा-चौदा वर्षं सहज जगतात. अंगाची वाढ करणारं आयजीएफ-१ नावाचं एक प्रथिन आहे. लहान जातीच्या कुत्र्यांत त्याच्या जनुकात फरक असतो, हे २००७ साली सापडलं.

सर्जाला हृदयाचा आजार होता. हृदयाचा स्नायू पातळ होतो, कप्पे फुगतात आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. मग छातीत, पोटात पाणी साचतं. ग्रेट डेन, डोबरमन यांच्यात हा आजार पुष्कळ दिसतो. दिवाळीनंतर तो रात्री खोकायला लागला तेव्हा दादांनी त्याला अकोल्याला नेऊन हृदयाची सोनोग्राफी करून आणली. तेव्हापासून हृदयाला जोर देणारी एक गोळी आणि पाणी काढणारी एक गोळी, दोन्ही वेळच्या वेळी. वहिनींनी एकही वेळ चुकवली नाही. त्या गोळ्यांवर तो हा हिवाळा काढू शकला.

दादा (ए-४०३), रात्री ९:४०
सगळ्यांचे निरोप वाचले. दिवसभर घर भरलेलं होतं. आता शांत झालं म्हणून लिहितोय.

नव्या लोकांना माहीत नसेल, सर्जा आम्ही विकत आणलेला नव्हता. नशिराबादच्या पुढे हायवेवर एका ढाब्यामागे तो खांबाला बांधलेला होता. गाडीतून आलेले लोक जेवले, त्याला बांधलं आणि तसेच निघून गेले, असं ढाब्यावरचा पोऱ्या सांगत होता. पांढऱ्या अंगावर काळे डाग, बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग आणि पुढच्या दोन्ही कोपरांवर जखमा. आम्ही चहाला थांबलो होतो. ही त्याच्याजवळ गेली तर भुंकला नाही, गुरगुरला नाही. उठून सरळ तिच्या अंगाला टेकून उभा राहिला. सगळं वजन तिच्यावर. या जातीची कुत्री अशीच टेकतात हे नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की याला आता सोडून जाता येणार नाही.

दवाखान्यातल्या काट्यावर तो मावेना, म्हणून केळीच्या काट्यावर तोलला. ३८ किलो. त्याच काट्यावर पुढच्या पोळ्याला ५८ भरला. दात बघून डॉक्टरकाका म्हणाले, चार वर्षांचा असावा. म्हणजे निम्मं आयुष्य त्यानं दुसऱ्या कोणाच्या तरी दारात काढलं होतं. तिथे त्याचं नाव काय होतं, कोण जाणे. पोळा जवळ होता आणि तो बैलासारखा चालायचा, म्हणून आम्ही सर्जा म्हटलं. दोन दिवसांत नावाला मान वळवायला लागला.

आणि एक सांगायचं राहू नये. तो आला तेव्हा लिफ्टचा विषय निघाला होता. सेक्रेटरींनी सभेत भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना शांतपणे वाचून दाखवल्या: कुत्रा मोठा आहे म्हणून बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्या दिवसापासून कोणी चकार शब्द काढला नाही. उलट पोरं लिफ्टमध्ये त्याला आधी जागा द्यायची. हे उपकार आम्ही विसरणार नाही.

बी-३०२
दादा, उपकार कसले. एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेचारला तुम्ही त्याला मेहरूण तलावावर न्यायचे. मी विचारलं, इतक्या लवकर का? तुम्ही डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून दाखवली होती. म्हणाला होतात, आपल्याला हात ठेववत नाही तिथे त्याने पाय कसा ठेवायचा. तेव्हापासून मी आमच्या बैलालाही दुपारी डांबरावर उभा करत नाही.

डी-२०२
वहिनी कशा आहेत?

वहिनी (ए-४०३), चार दिवसांनी, सकाळी ६:०५
बरी आहे. हात रिकामे झाले आहेत, त्याचं काय करावं कळत नाही. पहाटे उठते. त्याच्यासाठी दादर ज्वारी भिजवलेली नसते, अंडी उकडायची नसतात. खोबरेल तेलाची वाटी ओट्यावर तशीच आहे. त्याच्या कोपरांना घट्टे पडले होते, जड कुत्र्याला फरशीवर बसून पडतात. मऊ गादी केली तरी तो उन्हाळ्यात फरशीच शोधायचा, म्हणून रोज रात्री मी तेल चोळायचे. उजवा घट्टा आधी पुढे करायचा, तो झाला की स्वतःच कूस बदलायचा. डावा विसरले तर नाकाने वाटी ढकलायचा.

मे महिन्यात ओलं गोणपाट आणि कूलर त्याचाच होता, आम्ही पंख्याखाली झोपायचो. माणसाला घाम येतो तसा कुत्र्याला येत नाही, तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळं जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. हे अंग आणि आपलं जळगावचं ऊन. चव्वेचाळीस-पंचेचाळीस झालं की मी दुपारभर त्याच्याजवळ बसून राहायचे.

आता ग्रुपवर विचारते, मोठ्या माणसांनी सांगावं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आहे. घरात सासऱ्यांची घागर भरायची आहेच. मनात येतं की सर्जासाठीही एक लहान मडकं भरावं. करावं का? दादा म्हणतात तुला वाटतं तर कर. पण मला विचारल्याशिवाय करायचं नाही.

सी-१०३
वहिनी, मन घट्ट करा. एक छान पिल्लू आणा, घर पुन्हा भरेल.

वहिनी (ए-४०३)
ताई, तुमची माया कळते. पण आत्ता नाही. आणि पुढे कधी आणलाच तर पिल्लू नाही, असाच कोणीतरी सोडून दिलेला, वाढलेला आणीन. पिल्लाला घर मिळतं. चार-पाच वर्षांच्या मोठ्या कुत्र्याला कोणी दारात उभं करत नाही. लोकांना वाटतं, थोडेच दिवस राहणार, मग जीव का लावा. सर्जाने आम्हाला जे दिलं त्यात थोडं काहीच नव्हतं.

डी-२०२
वहिनी, राग मानू नका. आमच्या सासूबाई म्हणतात, घागर पितरांची असते, तिच्या शेजारी जनावराची ठेवू नये. मला काही माहीत नाही, त्या म्हणाल्या तेवढं लिहिते.

अक्का (ए-१०१)
भर माय तू घागर. तुना जीव व्हता तो.

सी-३०४
आबांना विचारा ना. आबा, तुम्ही आहात का ग्रुपवर?

आबा (सी-१०२), सकाळी ११:२०
आहे, वाचतो आहे. टाइप करायला वेळ लागतो.

डी-२०२ च्या सासूबाई म्हणतात ते रीतीला धरूनच आहे. अखाजीची घागर कुळातल्या गेलेल्यांची. तिच्यावर डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी ठेवायची, चुलीत नैवेद्याची आगारी टाकायची, हे सगळं पितरांच्या नावानं. त्यात सरमिसळ करू नये. पण वहिनीने विचारलं आहे ते पाण्याचं, आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हात आखडता घेतलेला नाही.

श्राद्धाचं पान वाढण्याआधी पंचबली काढतात. गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी. कुत्र्याचा घास यमाच्या दारातल्या दोन कुत्र्यांच्या नावाने ठेवतात. म्हणजे आपला माणूस वर गेला की दारात त्याला आधी कुत्रा भेटणार, असंच आपण मानत आलो. तर्पणाच्या शेवटी, जे आपले बांधव नाहीत त्यांनाही पाणी देतो. 'आब्रह्मस्तंबपर्यंत' म्हणतो, ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे तृप्त होवोत. चाळीस वर्षं मी हे म्हणत आलो. गवताच्या काडीला पाणी पोचतं आणि सर्जाला पोचणार नाही, असं मी तरी सांगू शकत नाही. नामदेव महाराज भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते याच महाराष्ट्रात.

तेव्हा वहिनी, असं करा. सासऱ्यांची घागर देवघरापाशी नेहमीच्या जागी. सर्जाचं मडकं तुमच्या दाराशी, तो बसायचा तिथे. आगारी नको, मंत्र नको. त्याचं नाव घ्या आणि पाणी भरा. संध्याकाळी ते पाणी जित्या जनावराला पाजा. ओतून देऊ नका.

वहिनी (ए-४०३)
आबा, तुम्ही सांगितलं तसंच करते. खूप बरं वाटलं.

डी-२०२
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, आबा म्हणाले म्हणजे झालं. आणि मडकं त्या आणून देणार आहेत, कुंभारवाड्यातलं, पक्कं भाजलेलं.

नाना (बी-१०२)
पाणी जित्या जनावराला पाजायचं तर एक दिवस का? गेटबाहेर दुपारी गल्लीतली कुत्री, गाई गटाराला तोंड लावतात. माझ्याकडे सिमेंटची एक कुंडी पडून आहे, गुरांची. ट्रॅक्टरवर टाकून आणतो. अखाजीपासून पावसापर्यंत भरत राहू.

सेक्रेटरी (बी-४०१)
चालेल. सभेची गरज नाही, कोणाची हरकत असेल तर आज सांगा. पिण्याचं पाणी रोज येत नाही, म्हणून कुंडी बोअरच्या पाण्याने भरायची.

बी-३०२
आमची हरकत नाही. मोटर मी लावीन सकाळी.

डॉक्टरकाका (सी-२०४)
चांगलं आहे, पण दोन गोष्टी. कुंडी सावलीत हवी, उन्हात दुपारपर्यंत पाणी इतकं तापतं की जनावर तोंड लावत नाही. आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण रिकामी करून आतून घासायची, नुसतं वरून पाणी वाढवायचं नाही. डासांच्या अळ्या होतात, डेंगू परवडायचा नाही. कडेला एक-दोन विटाही ठेवा, पिल्लू किंवा चिमणी आत पडली तर चढून बाहेर येईल.

नाना (बी-१०२)
विटा आहेत. पिंपळाखाली ठेवू का मीटरच्या खोलीजवळ?

सेक्रेटरी (बी-४०१)
पिंपळाखाली. मीटरजवळ पाणी नको.

ए-३०१ (आईच्या फोनवरून)
घासायचं काम आम्ही मुलं करू. रविवार आणि गुरुवार. सुट्ट्या लागल्याच आहेत. फक्त काथ्याचा ब्रश लागेल, कोणाकडे आहे का?

वहिनी (ए-४०३)
माझ्याकडे दोन आहेत. संध्याकाळी वर या, सांजोऱ्या पण करून ठेवते.