मदत हवी आहे : जिराफ पाळता येतो का? जरा लवकर सांगा

रानपाखरू: नर पिल्लू मिळतंय, बाटलीवर आहे. जागा आहे, कुंपण आहे, गोठा आहे. विकणारा रविवारपर्यंतच थांबणार. पाळता येतो का आणि रोज खायला किती लागतं, एवढंच हवंय. ‘कशाला’ विचारू नका.

कलमबहाद्दर: विसरा. जिराफ २०१९ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. जिवंत प्राणी बाळगला तर नोंदणी सक्तीची, आयात परवान्याशिवाय नाही.

रानपाखरू: अहो, मी टेक्सासला आहे. ऑस्टिनच्या पश्चिमेला.

चारापाणी: मग ते आधी लिहायचं ना! टेक्सासच्या धोकादायक वन्यप्राण्यांच्या यादीत वाघ, अस्वल, चिंपांझी आहेत, जिराफ नाही. पण काउंटीचे (तिकडचा जिल्हाच) नियम वेगळे असू शकतात, आधी तिथे फोन करा. पैसे घेऊन लोकांना दाखवणार असाल तर यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, परवाना लागेल. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने जिराफ संरक्षित यादीत घालायचा प्रस्ताव मांडलाय. त्याचं पुढे काय झालं ते बघूनच पैसे द्या.
आता सांगा : गोठा किती उंच? कुंपण कसलं? डॉक्टर कोण?

रानपाखरू: गोठा १२ फूट. कुंपण ५ फूट, काटेरी तार. डॉक्टर गाईंचा आहे, चांगला आहे.

इमूप्रेमी: त्यापेक्षा इमू पाळा. खर्च कमी.

कलमबहाद्दर: इमूचं नाव काढू नका. महाराष्ट्रात त्या पायी किती जण बुडाले!

चारापाणी: पिल्लू जन्मतःच ६ फूट असतं. पूर्ण वाढलेला नर १८ फूट, हजार-बाराशे किलो. छत २० फूट हवं, दारही त्याच बेताने. काटेरी तार आधी काढा, पाय नाहीतर मान अडकते. ८ फुटी जाळी लावा, खूर किंवा डोकं शिरेल अशी फट नको.
पारा १० अंश सेल्सियसखाली गेला की आत, आणि आत १८ अंश. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिकडे वीज किती दिवस गेली होती ते आठवा. जनरेटर लागेल. बर्फावर सोडायचं नाही. पाय फाकून पडला की उठवणं जवळपास अशक्य.

रानपाखरू: खायला किती ते सांगा ना.

चारापाणी: मोठ्याला दिवसाला ३० किलोच्या वर ओला पाला लागतो. नसेल तर लसूणघास, मानेच्या उंचीवर टांगून, वर कमी स्टार्चचं पेंड. मका, पाव बंद, पोटात आम्ल होतं. आणि पाला द्याच, नुसत्या गवतावर ठेवला तर तासन्‌तास भिंत आणि लोखंड चाटत बसतो. कुंपणाला कण्हेर असेल तर आजच उपटा. जीभ दीड फूट लांब, पलीकडचंही ओढतो.

गाढवाचा मित्र: एकटा ठेवू नका. सोबतीला गाढव द्या, स्वस्तात काम होतं.

चारापाणी: सोबत जिराफाचीच हवी, शक्यतो तिघे. गाढवाला लाथ बसली तर उरेल का? ती लाथ सिंहालाही मारते.

सुईदोरा: डॉक्टरकडे वळा आता. जिराफाला भूल देणं फार जोखमीचं. पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं, म्हणून मान उंच धरून ठेवायला माणसं लागतात. खूर वाढले तरी भूल द्यायची नाही. शिकवून, पिंजऱ्यात उभा ठेवूनच कापायचे. आधी तो पिंजरा, मग जिराफ. गाईंच्या डॉक्टरला विचारा, जिराफ उभ्याने हाताळलाय का.

रानपाखरू: गोठा उंच करायला विजेचे जुने लाकडी खांब मिळतायत. चालतील?

चारापाणी: क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) लावलेले असतील तर नको. तो चाटणार.