थिसिसची आकडेमोड दुसऱ्याकडून करून घेतली तर बिघडलं कुठे?

थकलेला_रेसिडेंट: एमडी मेडिसिन, दुसरं वर्ष. थिसिसची एक्सेल शीट भरून झालीये. ती स्टॅटिस्टिशियनकडे पाठवतो म्हटलं तर गाईडांनी झापलं, "आधी स्वतः शिक." आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा संशोधन पद्धतींचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स केलाय ना! व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले, परीक्षा पास झालो, विसरलो. 36 तासांची ड्युटी उरकून टी-टेस्टची (दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीची) सूत्रं कशाला घोकायची? पेशंटचा एमआरआय रेडिओलॉजिस्ट वाचतो, तसा माझा डेटा त्यातल्या माणसाने वाचला तर काय बिघडलं?

पीएसएमवाली: मी पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवते. हिस्टरी न लिहिता एमआरआयचा फॉर्म पाठव, मग रेडिओलॉजिस्ट फोन करून काय सुनावतो ते बघ. तुझी शीट म्हणजे तसाच कोरा फॉर्म.
परवा एकाने शीट दाखवली. सात पेशंट किती दिवस ॲडमिट होते? 3, 4, 4, 5, 5, 6, 43. सरासरी 10, आणि थिसिसमध्ये ठोकून दिलंय "सरासरी 10 दिवस". अरे, सातातला एकही दहाच्या आसपास नाही! मध्यक 5 आहे. आता तो 43 टायपिंगची चूक, की बेडसोअर होऊन खरंच दीड महिना पडून राहिलेला माणूस? स्टॅटिस्टिशियनला कसं कळणार? त्या पेशंटला तू पाहिलंयस, त्याने नाही.

थकलेला_रेसिडेंट: मॅडम, मध्यक दहावीच्या गणितात होता. त्यासाठी कोर्स कशाला?

पीएसएमवाली: दहावीत होता, तरी एमडीच्या थिसिसमध्ये चुकतो. म्हणूनच.

वैतागलेला_सर्जन: मुळात थिसिसच ऐच्छिक करा. ज्याला संशोधन करायचंय तो शिकेल, बाकीच्यांना ऑपरेशनं करू द्या. मी 60 केसेस घेतल्या. का? आधीच्या बॅचने 60 घेतल्या होत्या म्हणून. एकही कॉम्प्लिकेशन नाही, "पद्धत सुरक्षित आहे" लिहिलं, पास झालो. कुणाचं काय अडलं?

संख्याशास्त्री: सर, 60 मध्ये शून्य म्हणजे शून्य टक्के धोका नव्हे. तीनचा ढोबळ नियम आहे: 3 भागिले 60, म्हणजे खरा धोका 5 टक्क्यांपर्यंत असू शकतो. वीसात एक! तुमचं वाक्य वाचून कुणी ती पद्धत पाचशे जणांवर वापरली, तर पंचवीस जणांचं अडू शकतं.
आणि मी धंद्यातलाच माणूस, तरी सांगतो. शीट माझ्याकडे येते सबमिशनला चार दिवस उरलेले असताना, वर मेसेज: "पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली येईल असं बघा ना." म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नाही असं दिसलं पाहिजे. पैसे मिळतात, पण लाज वाटते. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर 1938 साली कलकत्त्यात हेच बोलून गेले: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगेल.

वैतागलेला_सर्जन: म्हणजे माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. ज्या थिसिसला पोस्टमॉर्टेमच लागतं, ती जन्माला का घालायची?

तालुक्याचा_डॉक्टर: मला वीस वर्षांत टी-टेस्ट एकदाही लागली नाही. रोज लागतं ते वेगळंच. समजा एक आजार शंभरात एकाला आहे. टेस्ट 90 टक्के आजारी पकडते आणि 95 टक्के निरोग्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते. दहा हजार जण तपासा. आजारी 100, त्यातले 90 पॉझिटिव्ह. निरोगी 9,900, त्यातलेही 495 पॉझिटिव्ह. म्हणजे रिपोर्ट घेऊन रडत आलेल्या 585 पैकी खरे आजारी 90, साधारण 15 टक्के. हे बोटांवर मोजता आलं तर निम्मं काम झालं. तुमचे कोर्स मात्र सूत्रांपासून सुरू होतात आणि पोरं तिथंच झोपतात.

पीएसएमवाली: सूत्रांचं मान्य, मीही ती शेवटी शिकवते. पण टी-टेस्ट तुम्हाला लागत नाही असं नाही. ज्या पेपरवरून औषध कंपनीचा एमआर तुम्हाला नवं औषध खपवतो त्यात ती असते. तो तक्ता तुम्ही वाचता, की त्याच्यावर विश्वास ठेवता?

तालुक्याचा_डॉक्टर: बाई, खरं सांगू? चहा पितो आणि त्याला वाटेला लावतो.

थकलेला_रेसिडेंट: अजून पटलेलं नाही. टेस्ट मी स्टॅटिस्टिशियनकडूनच करून घेणार. पण मॅडम, पाठवण्याआधी शीट चाळली. एचबीए1सीच्या (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या) कॉलममध्ये एका ठिकाणी 72 आहे. 7.2 असणार ना? करून टाकू?

पीएसएमवाली: हात लावू नकोस. रेकॉर्ड रूममधून केस पेपर काढ.