खडकवासला ते खराडी नदीकाठाने, ‘कुठलीही सायकल चालेल’ म्हणे!

काठाकाठाने: कालची पोस्ट अशी होती: ‘पुण्यात खडकवासल्यापासून खराडीपर्यंत नदीचा काठ सोडायचाच नाही. कुठलीही सायकल चालेल, सकाळी निघा, संध्याकाळी परत.’ अहो, काठ आहे कुठे सलग? धरणापासून राजाराम पुलापर्यंत सिंहगड रस्ताच धरावा लागतो. तिथून म्हात्रे पुलापर्यंत डीपी रस्ता, म्हणजे लग्नसराईत लॉन्सच्या दारात दुतर्फा गाड्या. खरा काठ मिळतो तो भिडे पुलाच्या आसपास, पात्रातल्या रस्त्यावर. मुळा-मुठेच्या संगमाशी पुन्हा आरटीओची रहदारी.

पेडलपंत: पोस्ट माझी. जोडरस्ते लागणारच, एवढं गृहीत धरता येत नाही? शिवाय बंडगार्डनचा घाट झालाय की.

काठाकाठाने: एक घाट झाला म्हणजे काठ झाला का? आणि पावसाळ्याचा तुम्ही उल्लेखही केला नाही. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद. निघण्याआधी विसर्गाचा आकडा बघायचा. पाणी ओसरल्यावरही लगेच जायचं नाही. डांबरावर गाळाचा बुळबुळीत थर राहतो, वळणावर पुढचं चाक निसटतं.

घाटप्रेमी: म्हणून अहमदाबादच्या साबरमतीसारखा पक्का काठ हवा. तुमच्यासारख्यांनी प्रत्येक कामात खोडा घातला म्हणून पुणं मागे राहिलं.

मुठेकाठचा: साबरमतीत दिसतं ते पाणी नर्मदा कालव्याचं, आणि ते टिकतं वासणा बॅरेजच्या बंधाऱ्यामुळे. वरून धरोई धरणाचं पाणी आलं की तिथलाही खालचा घाट बंद करतात. मुठा वेगळी आहे. पात्रात भराव घालून अरुंद केलं तर तेवढंच पाणी जास्त उंच चढणार. आंबिल ओढा दत्तवाडीशी येऊन मिळतो तिथे नाक दाबून उभे राहा, मग सौंदर्यावर बोलू.

घाटप्रेमी: झालं सुरू! सायकलच्या धाग्यावरही नदीचं प्रवचन.

चेनलूब: सायकलवर येऊ. ‘कुठलीही’ म्हणजे काय? 23 मिमी टायरात 110 पीएसआय दाबाची हवा भरून पात्रात उतरलात तर फुटक्या बाटल्यांच्या काचा थेट आत. 38 मिमी, 45 ते 50 पीएसआय, एवढं पुरे.

पेडलपंत: 45? कडेच्या दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिमशी चिमटणार, शेजारी शेजारी दोन भोकं. ज्ञान पाजळताना हेही सांगा.

चेनलूब: 38 मिमीत सत्तर किलोच्या माणसाला चिमटत नाही. नव्वदी ओलांडली असेल तर मागच्या चाकात 60 भरा. पुढे 5 कमी.

काठाकाठाने: काचेपेक्षा सराटा वाईट. बारीक काटा टायरातच राहतो. लोक पॅच लावतात, पुन्हा हवा जाते, मग ट्यूबला शिव्या. काटा काढल्याशिवाय ट्यूब घालायची नाही. आतून फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. भोकाची जागा काचपेपरने खरवडा, सोल्यूशन लावून दोन-तीन मिनिटं थांबा, चमक गेली की मगच पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच हवा भरली की उचकटतो.

ट्यूबलेसवाला: एवढा उपद्व्याप कशाला? ट्यूबलेस, आत भोक बुजवणारं 60 मिली सीलंट, विषय संपला.

चेनलूब: संपला कसला! उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सीलंट वाळून साल होतं. आणि मोठा चिरा पडला की आत ट्यूबच घालावी लागते. मग रस्त्यात हात बरबटून बसा.

पेडलपंत: ठीक आहे, ‘कुठलीही सायकल’ मागे घेतलं. रुंद टायर. समाधान?

काठाकाठाने: अर्धं. दिशाही उलटी सांगितलीत. धरणाकडून निघालं की जाताना उतार, आणि पावसाळ्यात पाठीवर पश्चिमेचा वारा. परतताना थकलेल्या पायांना चढ आणि तोच वारा तोंडावर. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. खराडीकडून निघायचं, म्हणजे शेवटचा टप्पा सोपा.

पेडलपंत: आणि सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यानं काय करायचं? सायकल रिक्षात घालून खराडीला न्यायची? नवशिक्याला घाबरवून घरी बसवायचं हाच तुमचा छंद दिसतो.

मुठेकाठचा: पंतांचा हा मुद्दा मात्र, नाइलाजाने, बरोबर आहे. बाकी पोस्ट अजून चुकीचीच.

घाटप्रेमी: पक्का ट्रॅक असता तर 23 मिमीही चालले असते.

चेनलूब: त्या ट्रॅकवर भेळेच्या गाड्या कुठे लागणार तेवढं सांगा.