गळा नको, शेपटी बघ

ताई (ऑस्टिन): साखरपाण्याच्या फीडरवर ही हमिंगबर्ड येतेय. पाठ हिरवी, पोट पांढुरकं, गळ्याला रंग नाही. रुबी-थ्रोटेड, म्हणजे लाल गळ्याची, की ब्लॅक-चिन्ड, काळ्या हनुवटीची? पक्षी ओळखायचं ॲप दोन्ही नावं दाखवतंय.

दादा (पुणे): गळा लाल नाही, म्हणजे ब्लॅक-चिन्ड.

मावशी (ह्यूस्टन): थांब रे. तो लाल रंग पिसात मुरलेला नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परतला तर लाल दिसतो, मान जरा वळली की तोच गळा काळाकुट्ट. सावलीतला रुबी नर हमखास ब्लॅक-चिन्ड वाटतो. आणि ब्लॅक-चिन्ड नराच्या काळ्या हनुवटीखाली जांभळी पट्टी असते, तीही उजेड पडला तरच. शिवाय ताईची ही मादी असेल, नाहीतर यंदाचं पिल्लू. त्यांचे गळे दोन्ही जातींत पांढरेच.

ताई: मग ओळखायचं कशावरून?

मावशी: शेपटी बघ. ब्लॅक-चिन्ड फुलासमोर तरंगताना शेपटी सारखी वरखाली हलवते, रुबी बहुधा स्थिर धरते. फोटोत कळायचं नाही, व्हिडिओ घे. मग ती फांदीवर बसली की पंखाचं टोक. सगळ्यात बाहेरचं पीस ब्लॅक-चिन्डचं रुंद, बोथट, जरा वाकलेलं. रुबीचं निमुळतं आणि सरळ. माझा सगळ्यात जास्त भरवसा या पिसावर. ब्लॅक-चिन्डची चोच थोडी लांब आणि डोकं करडं असतं हे खरं, पण तीन-साडेतीन ग्रॅमच्या पक्ष्याची चोच उडताना कोण मोजणार!

दादा: रुबी अमेरिकेच्या पूर्वेकडची, ब्लॅक-चिन्ड पश्चिमेकडची ना? जागेवरून नाही ठरत?

मावशी: बाकी बऱ्याच ठिकाणी ठरतं. मध्य टेक्सासात दोघींच्या हद्दी एकमेकींत शिरतात. ऑस्टिनला उन्हाळ्यात घरटी करणाऱ्या जास्त करून ब्लॅक-चिन्ड. ऑगस्टअखेरपासून उत्तरेकडच्या रुबी यायला लागतात, सप्टेंबरात तर किती! टेक्सासातल्याच रॉकपोर्टच्या किनाऱ्यावर खाऊन वजन वाढवतात. रुबींपैकी पुष्कळ जणी मेक्सिकोचं आखात सरळ ओलांडतात, सुमारे 800 किलोमीटर, मध्ये टेकायला जागा नाही.

आजी (सातारा): एवढासा जीव! साखरेपेक्षा गुळाचं पाणी द्या गं, पौष्टिक असतं.

मावशी: आई, गूळ नको. त्यातलं लोह त्यांना बाधतं. मधाच्या पाण्याला बुरशी धरते. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, लाल रंग अजिबात नाही. ताई, इथल्या उन्हात एक-दोन दिवसांआड फीडर धुतलाच पाहिजे हं. ओळख चुकली तर पक्ष्याचं काही बिघडत नाही, आंबलेल्या पाण्यानं बिघडतं.

आजी: आपल्या जास्वंदीवर येतो तो हाच ना?

दादा: नाही आजी, तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. शिंजीर बहुतेकदा देठाला धरून रस पितो.

मावशी: आणि आई, शिंजिराच्या माद्यांत गळा उपयोगी पडतो. गळा पांढुरका आणि छाती पिवळी असेल तर जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी. गळ्यापासूनच पिवळट असेल तर जांभळ्या शिंजिराची.

ताई: व्हिडिओ टाकलाय. शेपटी थांबतच नाहीये! पंखाचं टोक मात्र धूसर आलंय.

मावशी: बघितला. माझा कल ब्लॅक-चिन्डकडे. पण पंख दिसेपर्यंत ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या वेबसाइटवर, दोन्ही नावांची जोडनोंद असते, ती कर. उद्या सूर्य तुझ्या पाठीशी असताना पंखाचा फोटो घे.

ताई: सकाळी ती कुंपणाच्या तारेवर बसते. कॅमेरा तिकडेच लावते.